आर्चीला उत्तेजनार्थ

२८ मार्च २०१६ रोजी त्रेसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली, त्या दिवशी महाराष्ट्रातल्या सर्वसामान्य प्रेक्षकाने ‘सैराट’ पाहिलेला नव्हता. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला होता. इकडच्या चित्रपटगृहांत तो आला २९ एप्रिलला. आणि लगेच ३ मे रोजी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कारांचे वितरण झाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे रजत कमळ ‘तनु वेड्स मनु रिटर्न्स’साठी कंगना रणौत यांना, आणि अकलूजच्या रिंकू राजगुरू हिला ‘सैराट’साठी विशेष उल्लेखाचे प्रमाणपत्र. निकाल आधी लागला आणि उत्तरपत्रिका लोकांनी मागाहून वाचली, असा हा प्रकार. वाचल्यावर मात्र पुष्कळांना निकाल पटेना.

तेव्हापासून हा वाद आमच्या सोलापूर जिल्ह्यात अधूनमधून डोके वर काढतो. महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, एकांकिका स्पर्धेच्या मध्यंतरात, बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर. एक बाजू म्हणते, आमच्या पोरीवर अन्याय झाला. दुसरी बाजू म्हणते, अहो, चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्याच चित्रपटात दिल्लीहून प्रमाणपत्र मिळाले हे काय कमी आहे? दोन्ही बाजू बोलून दमल्या की विषय बदलतो. आम्हाला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आमचे मत स्पष्ट आहे: त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक दोघींत विभागून द्यायला हवे होते. पण तसे का झाले नाही, याचे कारण दिल्लीत शोधण्याआधी आपण ते सोलापुरात शोधावे, असेही आमचे मत आहे; आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

प्रथम काही गैरसमज दूर करू. दिल्लीला मराठीचे वावडे आहे, ही तक्रार इथे लागू पडत नाही. त्याच वर्षी मकरंद माने यांच्या ‘रिंगण’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता. साठाव्या पुरस्कारांत ‘धग’साठी उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या, आणि विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी इरफान खान यांच्याबरोबर सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे परीक्षकांना मराठी दिसते, आणि पारितोषिक विभागून देणेही त्यांना परके नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मिताली जगताप आणि सरण्या पोन्वण्णन यांनी अभिनेत्रीचे पारितोषिक असेच वाटून घेतले होते.

वयाचा मुद्दाही टिकत नाही. १९७९ साली ‘पसी’ या तमिळ चित्रपटासाठी शोभा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, तेव्हा तिचे वय सतराच्या आसपास होते. १९८६ च्या पुरस्कारांत ‘नखक्षतंगळ’ या मल्याळम चित्रपटासाठी मोनिषाला तोच मान मिळाला. ती जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. तिने त्याआधी नायिका म्हणून काहीही केलेले नव्हते. तेव्हा ‘अजून लहान आहे’ हे कारण परीक्षकांच्या परंपरेत बसत नाही.

मग विशेष उल्लेख म्हणजे नेमके काय? त्या काळी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीला रजत कमळ आणि पन्नास हजार रुपये मिळत; विशेष उल्लेखाला प्रमाणपत्र. ज्यांनी राज्य नाट्य स्पर्धेची हौस केली आहे त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. तिथेही अभिनयाचे रौप्यपदक वेगळे आणि अभिनयाचे गुणवत्ता प्रमाणपत्र वेगळे. शाळा-महाविद्यालयांत याचेच नाव उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ बक्षीस वाईट नसते. पण ते कामाला दिलेले असते की करणाऱ्याच्या भवितव्याला, हे कधी स्पष्ट होत नाही. ‘तू चांगले केलेस’ आणि ‘तू पुढे चांगले करशील’ यांच्या मधोमध ते कुठे तरी उभे असते.

त्या वर्षी अभिनयासाठी असे उल्लेख झाले त्यांत रिंकूबरोबर रितिका सिंग आणि मल्याळम अभिनेते जयसूर्या यांची नावे होती. यांत साम्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. जयसूर्या हे मुळातच अभिनेते.  रितिका सिंग याच्या उलट टोकाला. प्रत्यक्षातली लढवय्यी खेळाडू, आणि ‘इरुधी सुट्रु’मध्ये मुष्टियोद्ध्या मुलीची भूमिका. म्हणजे केवळ अप्रशिक्षितांना बाजूला काढून ठेवण्यासाठी हा कप्पा केला होता, असा आरोप आम्ही करू शकत नाही. प्रस्थापित वर्गवारीत जे मावत नाही ते ठेवण्याची ती जागा आहे, एवढेच म्हणता येईल. प्रश्न असा की रिंकूचे काम वर्गवारीत का मावले नाही?

या संदर्भात सोमनाथ अवघडे याची आठवण होते. करमाळा तालुक्यातल्या केमचा हा मुलगा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील जब्यासाठी एकसष्टाव्या पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला. ते पूर्ण पारितोषिक होते, उल्लेख नव्हे. सोमनाथ आणि रिंकू दोघेही याच जिल्ह्यातले, दोघांचाही पहिला चित्रपट, दोघांचाही दिग्दर्शक एक. सोमनाथला पूर्ण मान मिळाला, कारण त्याच्या वयासाठी आणि भूमिकेसाठी एक खण तयार होता. रिंकू वयाने त्या खणाच्या जवळ होती, पण आर्ची ही बालभूमिका नव्हे. ती महाविद्यालयात जाणारी मुलगी आहे, मग पळून गेलेली प्रेयसी, मग पत्नी, मग आई. त्या भूमिकेचा खण एकच होता, आणि तो भरला होता.

तो ज्यांनी भरला त्यांच्या कामाबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. कंगना रणौत यांनी आनंद एल. राय यांच्या त्या चित्रपटात दोन भूमिका केल्या. एक तनु, आधीच्या चित्रपटातून आलेली, संसाराला विटलेली. दुसरी दत्तो, म्हणजे कुसुम सांगवान. हरियाणवी बोलणारी, आखूड केसांची, धावपटू मुलगी. या दोघी एकाच चौकटीत समोरासमोर येतात, तेव्हा एकच अभिनेत्री दोघींना पुरून उरली आहे हे प्रेक्षक विसरतो. दत्तोचे चालणे, मान ताठ ठेवून बोलणे, आणि स्वाभिमान दुखावल्यावरही आवाज न चढवता बोललेले तिचे शब्द, हे सगळे उत्तम आहे. आदल्याच वर्षी ‘क्वीन’साठी त्यांना हाच पुरस्कार मिळाला होता, म्हणून या वर्षी दुसऱ्या कोणाला द्यायचा, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. पुरस्कार भूमिकेला असतो. पाळीपाळीने वाटायचा तो प्रसाद नाही.

परंतु याच ठिकाणी आमची शंका सुरू होते. दत्तोचे कौतुक करताना समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी सर्वांत अधिक भर कशावर दिला? तिच्या हरियाणवीवर. हिमाचलात जन्मलेल्या अभिनेत्रीने हरियाणाची बोली किती हुबेहूब उचलली, किती मेहनत घेतली! आणि आर्चीचे कौतुक करताना कशावर भर दिला? तिच्याही बोलीवरच. पण इथे वाक्य असे होते: काय अस्सल बोलते ती पोरगी! एकीकडे बोली ही कमाई ठरली, दुसरीकडे बोली ही उपजत ठेव ठरली. कमाईला पारितोषिक मिळते. ठेवीला कोणी पारितोषिक देत नाही. फार तर ‘किती छान’ असे म्हणतो.

आणि हे केवळ परक्यांनी केले असे नाही. सोलापुरात शिकलेले आणि पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेले अतुल कुलकर्णी यांचे उदाहरण घेऊ. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’ या दोन चित्रपटांसाठी सहायक अभिनेत्याचे राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाले. पुढे २०१० च्या जानेवारीत प्रदर्शित झालेल्या ‘नटरंग’मध्ये, आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा त्यांनी केला. पैलवानी देहाचा गुणा नाच्या होतो. त्यासाठी त्यांनी शरीर आधी कमावले, मग उतरवले. त्या वेळी आपण सर्वांनी काय म्हटले? केवढी ही साधना, केवढा अभ्यास! ते खरेच होते, आणि त्याबद्दल आजही आम्हाला आदर आहे. पण सहा वर्षांनी आर्ची आली तेव्हा त्याच सोलापूरने अभिमानाने सांगितले, ‘ती तशीच आहे हो, अकलूजची पोरगी आहे, तिला काय अभिनय करायला लागतो!’ हे वाक्य आम्ही स्वतःच्या कानांनी अनेकदा ऐकले आहे. ते कौतुकाने उच्चारलेले असते. परंतु ‘तिला अभिनय करायला लागत नाही’ हे कौतुक नव्हे. अभिनयाच्या स्पर्धेतून तिला बाद करण्याचे ते कारण आहे. दिल्लीच्या परीक्षकांच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. आपल्या तोंडी काय होते, ते मात्र आपल्याला ठाऊक आहे.

आता ‘ती तशीच आहे’ हे विधान चित्रपटाशी ताडून पाहू.

चित्रपटाच्या पूर्वार्धातली आर्ची सर्वांना आठवते. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर घेऊन शेतात येणारी, वर्गात परशाकडे इतके सरळ बघणारी की नजर त्यालाच खाली घ्यावी लागते. परशाच्या घरी जाऊन ती पाणी मागते. त्या घरात तिच्या जातीच्या मुलीने पाणी मागणे म्हणजे काय, हे परशाच्या आईच्या धांदलीवरून कळते. आर्चीच्या चेहऱ्यावर मात्र त्याचे ओझे नाही. ही बेफिकिरी अकलूजची आहे म्हणून ती स्वाभाविक, असे मानले जाते. पण थांबून विचार केला पाहिजे. बिटरगावच्या पाटलाच्या वाड्यातली ही मिजास आहे. बापाच्या सत्तेवर उभी असलेली, आणि ती सत्ता कशी मिळाली हे ठाऊक नसलेली. अकलूजच्या शाळेत जाणाऱ्या एका मुलीची ही दिनचर्या नव्हे. आर्चीला स्वतःची सत्ता जाणवत नाही, पण आपल्याला ती प्रत्येक क्षणी जाणवली पाहिजे, असे हे दुहेरी काम आहे. जाणीव नसल्याचे दाखवणे हे जाणिवेचेच काम असते.

बोलीबद्दलही तेच. माळशिरस तालुक्याचे बोलणे आणि करमाळ्याचे बोलणे जवळचे असले तरी एकच नव्हे, हे या जिल्ह्यात फिरलेल्याला सांगायला नको. आणि सोलापूर शहराची, तेलुगू-कन्नड-उर्दूच्या शेजारात वाढलेली मराठी तर आणखी निराळी. शिवाय पडद्यावरचे बोलणे हे रस्त्यावरचे बोलणे नसतेच. तेच वाक्य पुन्हापुन्हा, तेवढ्याच ताजेपणाने म्हणायचे असते. समोर यंत्र असते, भोवती माणसे असतात. ज्याने कधी महाविद्यालयातल्या मुलांना त्यांच्याच बोलीतला संवाद रंगमंचावर म्हणायला लावला आहे, त्याला अनुभव असेल: घरात झऱ्यासारखे बोलणारा मुलगा प्रकाशझोतात आला की पाठ्यपुस्तक वाचू लागतो. स्वतःची बोली स्वतःच्या तोंडी सर्वांसमोर टिकवून धरणे, हे परकी बोली शिकण्याइतकेच अवघड आहे. फक्त ते अवघड दिसत नाही.

आणि हे सर्व पूर्वार्धापुरते. उत्तरार्धाकडे आल्यावर ‘ती तशीच आहे’ या विधानात काहीच उरत नाही. आर्ची आणि परशा हैदराबादला पोचतात. सोलापूरकराला हैदराबाद परके नाही. आमच्या गिरण्यांत आणि यंत्रमागांवर तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या पिढ्या राबल्या. शहराच्या पूर्व भागात आजही तेलुगू कानावर पडते. म्हणूनच आर्चीचे त्या शहरात तोंड मिटणे आम्हाला अधिक लागले. पूर्वार्धात तिची सारी सत्ता तिच्या जिभेवर आहे. ती हुकूम सोडते, चिडवते, धमकावते, आणि लोक ऐकतात. झोपडपट्टीत आल्यावर त्या जिभेला ऐकणारे कोणी उरत नाही. छाया कदम यांनी उभी केलेली सुमनअक्का तिला आसरा देते. बाटल्यांच्या कारखान्यात ती कामाला लागते. हळूहळू चार तेलुगू शब्द तिच्या तोंडी बसतात. रिंकूने हा प्रवास कशाने दाखवला? आवाजाने. तीच बोली आहे, पण वाक्ये आखूड होत जातात, शेवटचा शब्द गिळला जातो. सार्वजनिक संडासाच्या, घाणीच्या, अंधाऱ्या खोलीच्या प्रसंगांत ती रडते तेव्हा ते नायिकेचे रडणे नाही. घरची आठवण आलेल्या आणि ती कबूल करायची सोय नसलेल्या मुलीचे आहे. ज्याच्यासाठी तिने घर सोडले त्याच्यासमोर घरासाठी रडायचे कसे, हा पेच तिच्या अर्धवट वळवलेल्या मानेत दिसतो.

पुढे परशा संशयाने तिच्यावर हात उचलतो. ज्या मुलीने पूर्वार्धात बापाच्या माणसांवर पिस्तूल झाडले, ती इथे उलट हात उचलत नाही. ती निघून जाते, गाडीत बसते, आणि परत येते. या परत येण्याला पटकथेत भाषणाचा आधार नाही. ते पटवून देण्याचे सारे काम तिच्या चेहऱ्यावर टाकलेले आहे, आणि तो चेहरा ते पेलतो.

शेवटच्या भागात ती लहान मुलाची आई आहे. स्कूटरवरून येते-जाते, हिशेब करते, घर घेण्याची भाषा करते. चौदा वर्षांच्या मुलीने इथे वय वाढवले आहे ते साडीने किंवा केशभूषेने नव्हे. भरतमुनींच्या परिभाषेत बोलायचे तर आहार्य अभिनयाची मदत तिला फारशी नाही. आंगिक आणि सात्त्विक यांवरच भिस्त आहे. चालीतली घाई गेली आहे, बघण्यात अंतर आले आहे. आणि मग भाऊ दारात उभा राहतो. आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन माणसे आली आहेत. आर्ची चहा करायला आत जाते. त्या काही मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर भीती, अविश्वास, आणि हळूच डोके वर काढणारी आशा एकामागून एक येतात. शेवटी आशा जिंकते, आणि ती जिंकली म्हणूनच शेवट असह्य होतो. हा प्रसंग अकलूजच्या कोणत्याही मुलीने ‘तशीच’ राहून करता येणारा नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा युक्तिवाद अन्यत्र भेटलेला आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, मग लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’, मग आमच्याच अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’. तेव्हाही एक प्रतिक्रिया अशी होती: अनुभव जबरदस्त आहे, पण त्यात वाङ्मयीन कर्तृत्व ते काय? जगले तसे लिहिले. आज आपण वर्गात हे मत खोडून काढतो. जगलेले लिहिण्यासाठी निवड लागते, क्रम लागतो, काय गाळायचे याचे भान लागते, हे मुलांना समजावून देतो. मग जी सवलत आपण आत्मकथनाला दिली ती अभिनयाला का देत नाही? ‘जगली तशी वावरली’ हे म्हणणे ‘जगला तसे लिहिले’ या म्हणण्याचेच भावंड आहे. ‘अनुभव त्यांचा, कला आमची’ ही वाटणी दोन्हीकडे एकच आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. रिंकूचे काम हे वस्तुतः नागराज मंजुळे यांचे काम आहे. त्यांनी ते काढून घेतले, छायालेखनाने आणि संकलनाने ते सजवले. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’त किंवा डी सिका यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये नवख्यांकडून जे काढून घेतले त्याचे श्रेय आपण दिग्दर्शकालाच देतो ना? आक्षेपात तथ्य आहे. मंजुळे यांच्या हाताखाली जेऊर-करमाळ्याच्या मातीतले चेहरे पडद्यावर ज्या सहजतेने येतात ती त्यांची कमाई आहे. पण हा आक्षेप सर्वांना सारखा लावावा लागेल. तनु आणि दत्तो एका चौकटीत दिसतात त्यात तंत्रज्ञांचा वाटा नाही काय? चित्रपटातला कोणता अभिनय संकलकाच्या टेबलावरून न जाता आपल्यापर्यंत पोचतो? अनुभवी अभिनेत्रीच्या बाबतीत दिग्दर्शकाचे श्रेय तिच्या श्रेयात मिळवायचे आणि नवख्या मुलीच्या बाबतीत तिच्या श्रेयातून वजा करायचे, हे गणित आम्हाला समजत नाही.

आणखी एक गोष्ट. २०१७ साली ‘सैराट’ कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ नावाने झाला. तिथेही नायिका म्हणून रिंकूच होती. २०१८ साली हिंदीत ‘धडक’ झाला, आर्चीची उदयपूरची पार्थवी झाली, आणि ती जान्हवी कपूर यांनी केली. हिंदी प्रतिकृतीवर टीका झाली तेव्हा आपल्याकडचे लोक म्हणाले, आर्चीची सर कोणाला येणार? बरोबर. पण सर येत नाही म्हणजे आर्ची ही कुणीही सहज करून जाईल अशी गोष्ट नव्हती, एवढे तरी मान्य करावे. एका श्वासात ‘तिला काही करावे लागले नाही’ आणि दुसऱ्या श्वासात ‘ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही’, ही दोन्ही विधाने एकत्र नांदू शकत नाहीत.

रिंकू राजगुरू यांनी पुढे आणखी भूमिका केल्या. त्या कमी-अधिक कशा झाल्या यावरून २०१६ चा निकाल योग्य ठरवण्याचीही एक रीत आहे. तीही आम्ही मानत नाही. मोनिषा आणि शोभा यांना पुढचे आयुष्य फार थोडे मिळाले. म्हणून त्यांचे पुरस्कार चुकीचे ठरत नाहीत.

आता आमच्याकडे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयीन स्पर्धेत एकपात्री अभिनयाचे परीक्षक म्हणून आम्ही बसलो होतो. एका शहरी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीने ऊसतोडणी करणाऱ्या बाईची भूमिका केली. बोली तिने शिकून घेतली होती, हे पहिल्या दोन वाक्यांत कळत होते. आणि ते कळत होते म्हणूनच आम्ही प्रभावित झालो. नंतर तालुक्याच्या गावाहून आलेली एक मुलगी आली. तिने बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईचे काम केले. गिऱ्हाइकाशी भाव करताना मध्येच ती थांबली, पदराने कपाळ टिपले, आणि हिशेब चुकल्याचे लक्षात आल्यावर एकटीच हसली. सभागृहात तिला टाळ्या अधिक पडल्या. गुणपत्रिकेवर ‘वाचिक’, ‘आंगिक’ असे रकाने होते, आणि एक रकाना होता ‘भूमिकेचा अभ्यास’. तिथे आम्ही पहिल्या मुलीला भरभरून गुण दिले. दुसरीच्या बाबतीत आमचे सहपरीक्षक म्हणाले, ‘हिच्या घरचंच असेल हे.’ आम्ही मान डोलावली. तिच्या घरी कोणी भाजी विकत होते की नव्हते, हे आम्ही विचारले नाही. पहिलीला प्रथम क्रमांक दिला, दुसरीला उत्तेजनार्थ.

‘सैराट’ त्यानंतर आला, आणि आर्चीच्या प्रमाणपत्रावर आम्हीही इतरांबरोबर चिडलो. बऱ्याच दिवसांनी लक्षात आले की तोच निकाल आम्ही आधीच एकदा देऊन चुकलो होतो, तेही दिल्लीत न जाता, आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच बोलीच्या मुलीला.

म्हणून पुरस्कार योग्य व्यक्तीला मिळाला का, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: कंगना रणौत यांना मिळाला तो अयोग्य नव्हता, रिंकू राजगुरूला मिळाला तो अपुरा होता, आणि दोघींना एकत्र उभे करण्याची सोय नियमांत आणि परंपरेत दोन्हीकडे होती. तो निकाल आता बदलत नाही. पण सोलापुरातल्या, पंढरपुरातल्या, बार्शीतल्या स्पर्धांचे निकाल दरवर्षी नव्याने लागतात. त्या गुणपत्रिका आपण भरतो. आपल्या बोलीत बोलणाऱ्या मुलाला ‘घरचंच आहे’ म्हणून कमी गुण द्यायचे आणि तीच बोली शिकून आलेल्याला अभ्यासाचे गुण द्यायचे, हे थांबवणे आपल्या हातात आहे. निबंधाच्या वहीतही तेच. तिथे तर आपण बोलीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतो आणि कथेच्या तासाला त्याच शब्दाचे सौंदर्य उलगडून दाखवतो.

परीक्षकाच्या जागी बसल्यावर आम्ही आता स्वतःला एवढेच विचारतो: समोरच्याने जे केले त्यात असे काय आहे, जे तो नुसता ‘असल्याने’ झाले नसते? भाजीवालीचे ते एकटीचे हसणे तसे होते. त्या दिवशी प्रथम आलेल्या मुलीचे नाव आम्हाला अजून आठवते. ते दुसऱ्या दिवशीच्या बातमीत छापून आले होते. उत्तेजनार्थ मिळालेल्या मुलीचे आठवत नाही. बातमीत ‘आणि इतर’ एवढेच होते.